वाचून राहिली, पान ऐंशी

सौंसरच्या मुलींच्या शाळेतल्या इंदिराबाई वानखेडे यांचं नाव मी आधी लिहितो. पुढे जे सांगणार आहे त्यात माझी चूक मोठी आहे आणि त्यांचे उपकार त्याहून मोठे. नाव शेवटासाठी ठेवलं तर चुकीच्या गडबडीत ते राहून जाईल अशी मला भीती वाटते. मला भीती लवकर वाटते.

तर सोमवारी सकाळी पांढुर्ण्याच्या वाचनालयात सेक्रेटरी केशवराव कपाटासमोर उभे होते आणि मी रजिस्टर घेऊन शिडीवर होतो.

"‘नऊ कुलपांची पेटी’, भाग पहिला, तीन प्रती," मी वाचलं. "भाग दुसरा, तीन प्रती. सहाही जमा."

"जमा कुठं?"

"सौंसरला. मुलींच्या शाळेच्या कपाटात."

केशवरावांनी खिशातून पोस्टकार्ड काढून माझ्याकडे धरलं. शाळेच्या हेडमास्तरीणबाईंचं होतं. वाचनालयाचं एकही पुस्तक आमच्या कपाटात नाही, एवढीच ओळ.

"साहेब परवा येऊन राहिले," केशवराव म्हणाले. "पुस्तकं फळीवर दिसली नाहीत, तर तूही मले इथं दिसायचा नाहीस. समजलं?"

मी मान हलवली. समजलं नव्हतं, पण ते मला नंतर कळलं.

साहेब म्हणजे छिंदवाड्याहून येणारे मिश्राजी. ही गोष्ट १९५६ च्या नोव्हेंबरातली, आणि त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला आमचं राज्य बदललं होतं. नागपूर आणि सगळा विदर्भ मुंबई राज्यात गेला. पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशातच राहिले, पण राजधानी नागपूरची भोपाळ झाली. कागदपत्रं हिंदीत यायला लागली. प्रत्येक जुन्या संस्थेची नव्याने तपासणी होणार होती, आणि वाचनालयाला मान्यता ठेवायची की नाही हे मिश्राजींच्या शेऱ्यावर ठरणार होतं. मराठी पुस्तकांचं वाचनालय, त्यातून पुस्तकं गायब. केशवरावांची झोप उडाली होती, आणि माझी तर आधीपासूनच उडालेली असते.

मी मूळचा राजापूरकडचा. शाळा सहावीत सुटली. पुण्यात एका बाइंडिंगच्या कारखान्यात जुजा शिवायला शिकलो. जूज म्हणजे घडी घातलेला छापील कागद. अशा जुजा एकावर एक शिवल्या की पुस्तक होतं. तिथल्या ओळखीवर पांढुर्ण्याला आलो, तेव्हा इथे येऊन मला पाचच आठवडे झाले होते. काम बाइंडरचं आणि ग्रंथपालाचं, दोन्ही मिळून. आईला पत्रात मी फक्त ‘ग्रंथपाल’ लिहिलं. तिने ते पत्र पोस्टमनकडून दोनदा वाचून घेतल्याचं कळलं होतं. तिच्यासमोर परत जाऊन उभं राहायचं माझ्यात धैर्य नव्हतं.

आता फेरी म्हणजे काय ते सांगायला हवं. कुमार विभागातल्या कादंबऱ्या थोड्या आणि वाचणारे पुष्कळ. त्यातून ‘नऊ कुलपांची पेटी’ ही भागाभागाने निघणारी रहस्यकथा. तीन भावंडांना विहिरीत एक पेटी सापडते, तिला नऊ कुलपं, आणि प्रत्येक भागात दोन-तीन उघडतात. पोट्टे त्या पेटीपायी वेडे झाले होते. (इकडे मुलांना पोट्टे म्हणतात, त्यात अपमान नाही.) दर रविवारी वाचनालयाच्या ओट्यावर त्यांची बैठक बसायची. कोणाला कुठलं पुस्तक का आवडलं हे सांगायचं, शेवट मात्र सांगायचा नाही. शेवट सांगणाऱ्याला महिनाभर बैठकीतून उठवत. भांडणं व्हायची ती नववी किल्ली कोणाकडे आहे यावर.

एका जागी ठेवून एवढ्यांना पुस्तक पुरलं नसतं. म्हणून माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी फेरी लावली होती. सौंसर आणि बोरगावच्या वाचकांसाठी सहा पुस्तकं मोटारीने जायची. एकाचं वाचून झालं की तो यादीतल्या पुढच्याला परस्पर द्यायचा. पुस्तक मधे वाचनालयात येतच नसे. यायची फक्त चिठ्ठी. दर आठवड्याला ज्याच्या हातात पुस्तक असेल त्याने एक ओळ लिहून पाठवायची, म्हणजे पुस्तक कुठवर पोचलं ते आम्हाला कळावं. शेवटच्या वाचकाने ते शाळेच्या कपाटात जमा करायचं.

चिठ्ठ्या मला वेळेवर येत होत्या. ‘मी भाग दुसरा वाचून राहिलो.’ ‘मी पहिला भाग वाचून राहिली.’ मी रजिस्टरमध्ये त्या नावापुढे ‘वाचून झाले’ लिहायचो आणि पुढच्याला कार्ड टाकायचो, की जा, तुझा नंबर आला. मला वाटलं, वाचून पुरं झालं, आता पोरगं पुढच्या भागाची वाट बघत राहिलंय. दोन चिठ्ठ्या जरा वेगळ्या आल्या होत्या. ‘शंकर पुस्तक देऊन नाही राहिला.’ मी समजलो, शंकरने पुस्तक दिलं आणि तो आता तिथे राहत नाही, गाव सोडून गेला. त्याच्यापुढेही बरोबरची खूण केली. असं करत सहाही पुस्तकांची फेरी माझ्या रजिस्टरात पाच आठवड्यांत संपली. पोट्टे भराभर वाचतात असं मला कौतुक वाटलं होतं.

आणि आता पुस्तकं कुठेच नव्हती. माझ्या मते कोणीतरी चोरली होती.

त्याच सकाळी स्टेशनवरून तिसऱ्या भागाचं पार्सल आलं. खिडकीत चार डोकी जमली.

"आला का जी तिसरा भाग?"

"नाही," केशवराव म्हणाले आणि पार्सल कपाटात टाकून किल्ली जानव्याला बांधली. मला म्हणाले, "पहिले दोन दिसल्याशिवाय तिसरा उघडायचा नाही."

दुपारी मी मुद्दाम डाक बंगल्यावरून गेलो. साहेब परवाच येऊन राहिलेत म्हणाले होते ना, तर कसे आहेत ते लांबून बघावं म्हणून. बंगल्याला कुलूप होतं. चौकीदार म्हणाला, कोणी नाही आलं. मला वाटलं, साहेब सावरगावकडे फिरायला गेले असतील. कुठल्याही क्षणी ते वाचनालयात शिरतील या धसक्याने मी मंगळवारी पहिल्या मोटारीने सौंसरला निघालो. बरोबर रजिस्टर आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा.

यादीतलं एक नाव मला सोयीचं वाटलं होतं: इ. वानखेडे, इयत्ता सातवी, मुलींची शाळा. दुसऱ्या भागाच्या एका प्रतीची ही शेवटची वाचक. म्हणजे पुस्तक कपाटात ठेवायची जबाबदारी तिची. मी मनात तिलाच चोर ठरवून टाकलं होतं.

मधल्या सुटीत शाळेत पोचलो. व्हरांड्यात चाळिशीच्या एक बाई खुर्चीवर डबा खात होत्या. मी विचारलं, "सातवीतली वानखेडे नावाची मुलगी बोलवता का? वाचनालयाचं काम आहे."

बाईंनी डबा बंद केला. इकडे तिकडे पाहिलं. "हळू बोला जी. काय काम हाय?"

"तिच्याकडे पुस्तक आहे. तिने वाचून कपाटात ठेवलं नाही."

"वाचून झालं नाही तं ठेवीन कशी?"

"तिने स्वतः लिहिलंय." मी चिठ्ठी काढून दाखवली. ‘मी वाचून राहिली. इ. वानखेडे.’

"बरोबर लिहिलं हाय. मी वाचून राहिली. ऐंशीव्या पानावर हाय."

मला पहिल्यांदा हे कळलं की ती मुलगी म्हणजे याच बाई. दुसरं कळायला जरा वेळ लागला.

"वाचून राहिली म्हणजे झालं ना?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही कोकणातले का?"

"हो."

"मी आता काय करून राहिली?"

"बोलताय."

"बोलून राहिली. झालं का बोलून?"

मी व्हरांड्याच्या कडेवर बसलो. गठ्ठा सोडला आणि एकेक चिठ्ठी वाचत गेलो. वाचून राहिलो म्हणजे वाचतोय. देऊन नाही राहिला म्हणजे देत नाही. शंकर गाव सोडून कुठेही गेला नव्हता, तो नुसता पुस्तक सोडत नव्हता. पुस्तकं चोरीला गेलेली नव्हती. ती वाचली जात होती. मीच ती संपवून टाकली होती, कागदावर. एवढ्या दिवसांत कोणालाही एका शब्दाने विचारलं नव्हतं, कारण विचारलं तर कमी शिकलेला आहे हे दिसेल. बोलण्यात माणसाच्या चेहऱ्यावरून अंदाज येतो, चिठ्ठीला चेहरा नसतो.

मग मला डाक बंगल्याचं कुलूप आठवलं.

"बाई, ‘साहेब परवा येऊन राहिले’ म्हणजे?"

"परवा येणार."

"हे काल म्हणाले."

"मंग उद्या येऊन राहिले."

साहेब आलेच नव्हते. दोन दिवसांत पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला, आणि लगेच तो पुन्हा अडकला, कारण उद्या फार जवळ होतं.

"पण तुम्ही सातवीत कशा?" मी विचारलं. कुमार विभागाचा नियम स्पष्ट होता: पुस्तकं फक्त शाळेत शिकणाऱ्यांनाच.

बाई ओशाळल्या. "सातवी माझ्याकडे हाय. पोट्ट्या डबा सोडून कुलपांवर भांडून राहिल्या होत्या, मले त्यातलं काही समजेना. वर्गात बसून हसू करून घेण्यापेक्षा नाव टाकलं. खोटं नाही लिहिलं, इयत्ता सातवीच लिहिली." थोडं थांबून म्हणाल्या, "हेडमास्तरीणबाईंले नका सांगू. त्यांच्या मते असली पुस्तकं पोट्ट्यांनीही वाचू नये."

शाळा सुटल्या सुटल्या त्यांनी मला बरोबर घेतलं. सौंसरमधली तीन पुस्तकं घराघरांतून तासाभरात मिळाली. बाईंचं मिळून चार. त्यातलं एक शंकरकडे होतं. तो कापडाच्या दुकानामागे राहत होता, त्याने पुस्तक उशाखालून काढलं आणि रडला. पाचवं बोरगावला एका संत्र्याच्या बागेत होतं. तिथे एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी पेट्यांवर बसून वाचत होती. आम्ही आल्याचं तिला कळलं नाही.

"गंगे, पुस्तक दे. उद्या साहेब तपासून राहिले."

"दहा मिनिटं थांबा ना बाई. पाचवं कुलूप उघडून राहिलं."

माझी शेवटची मोटार सुटायला अर्धा तास होता. मी हात पुढे केला. बाईंनी माझा हात बाजूला सारला. "थांबा जी," त्या म्हणाल्या, "मधेच कसं घेता." आणि त्या स्वतः तिच्या बाजूला बसून, ऐंशीच्या कितीतरी पुढचं पान तिच्या खांद्यावरून दिसू नये म्हणून, झाडाकडे बघत राहिल्या. दहाची पंधरा मिनिटं झाली. मोटार पळत जाऊन धरली.

सहावं पुस्तक मिळालं नाही. ते वाचणारा मुलगा ऑक्टोबरातच काटोलला मामाकडे गेला होता, पुस्तकासकट.

बुधवारी सकाळी केशवरावांना मी सगळं सांगितलं. ते ऐकून घेत असताना त्यांचा चेहरा मी पाहू शकलो नाही.

"तुले एवढंही नाही समजलं? मले विचारायचं नाही?" मग आवाज खाली आला. "साहेब दोन वाजता येतील. नवं रजिस्टर घे. पाच आठवड्यांच्या नोंदी नीट लिहून काढ. जुनं चुलीत घाल. तुझं अक्षर तेच, शाई तीच, कोणाले समजून राहिलं?"

मी नवं रजिस्टर उघडलं. पहिली रेघ मारली. खरं सांगतो, मी लिहिलं असतं. पण तेवढ्यात अकराच्या मोटारीने इंदिराबाई आल्या. त्यांनी रजा टाकली होती, कारण पुस्तकं परत देताना वाचकांनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्या आदल्या दिवशी त्यांच्या पिशवीतच राहिल्या होत्या. निदान त्यांनी तसं सांगितलं. नवं रजिस्टर आणि माझ्या हातातला टाक बघून त्यांनी विचारलं, "हे काय करून राहिले?"

यावेळी मला अर्थ बरोबर समजला. मी टाक ठेवला.

"चुकलेलं रजिस्टर चुकलेलं दिसते," त्या केशवरावांना म्हणाल्या, "खोटं नाही दिसत. नवं केलं तं उलटं होईन."

"बाई, नोकरी याची जाईन, तुमची नाही."

"म्हणूनच त्याले विचारा."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मला आई आणि पोस्टमनने तिला वाचून दाखवलेलं पत्र आठवलं. मी जुनं रजिस्टर टेबलावर ठेवलं. धैर्य वगैरे काही नव्हतं. तीन तासांत पाच आठवडे लिहून होणार नाहीत, हेही मनात होतं.

मिश्राजी बरोबर दोनला आले. उंच, कमी बोलणारे. फळीवरची पुस्तकं आणि रजिस्टरातले दाखल क्रमांक जुळवत ते ओळीने पुढे सरकत गेले. दाखल क्रमांक म्हणजे पुस्तक विकत आलं की त्याला मिळणारा कायमचा नंबर. तासाभराने ते कुमार विभागाशी आले.

"यहाँ छह लिखी हैं, सौंसर में जमा. और पाँच यहाँ रखी हैं. यह कैसे?"

माझी हिंदी त्या काळी चार शब्दांची होती. मी म्हणालो, "साहेब, गलती." केशवराव भिंतीकडे बघत होते. इंदिराबाई पुढे आल्या आणि माझ्याकडचा जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा साहेबांसमोर ठेवला.

साहेबांनी वरची चिठ्ठी उचलली. लिपी तीच, म्हणून सावकाश वाचली. "मी भाग दुसरा... वाच-ऊन... राहिलो." क्षणभर थांबले. "पढ़ रहा हूँ."



त्यांनी दुसरी उचलली. "पढ़ रही हूँ." तिसरी. "दे नहीं रहा." मग रजिस्टरमधली नोंद पाहिली. "और यहाँ लिखा है, पढ़ लिया. किसने लिखा?"

"मी," मी म्हणालो.

"आप मराठी हैं?"

"हो. जी हाँ."

"मैं नहीं हूँ. मुझे समझ में आ गया."

केशवरावांना खोकला आला. मला तो हसण्यासारखा वाटला, पण मी वर पाहिलं नाही. माझ्याच भाषेतली ओळ, छिंदवाड्याचा हिंदी माणूस पहिल्या फटक्यात वाचून गेला होता. ज्याला घाबरून आम्ही रजिस्टर जाळायला निघालो होतो, त्यालाही त्या कळल्या. त्या खोलीत त्या चिठ्ठ्या चुकीच्या वाचलेला मी एकटाच होतो.

"छठी किताब?" त्यांनी विचारलं.

"काटोल में," इंदिराबाई म्हणाल्या. "लड़का मामा के यहाँ ले गया."

"काटोल तो अब दूसरे राज्य में है. सरकारी मान्यता की किताब राज्य के बाहर कैसे गई?"

"किताब अक्टूबर में गई, साहब. तब काटोल अपने ही राज्य में था. किताब वहीं है. राज्य सरक गया."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग यादीवर बोट फिरवत ते एका नावाशी थांबले. मला माहीत होतं कुठल्या. नियमाचा तक्ता समोरच भिंतीवर होता.

"यह इ. वानखेडे, कक्षा सातवीं. इनकी चिट्ठी पर अक्षर बड़ों का है. कौन है यह?"

मी सांगू शकलो असतो की ठाऊक नाही. पाच आठवडेच झालेत, म्हणालो असतो. तसं बोलायला तोंड उघडलंही असेल. बाई त्याआधीच म्हणाल्या, "मैं."

केशवरावांनी भिंतीवरची नजर काढली.

"आप सातवीं में पढ़ती हैं?"

"पढ़ाती हूँ, साहब." त्यांनी पदर सारखा केला. "पढ़ती भी हूँ."

साहेब हसले नाहीत. त्यांनी शेऱ्याची वही ओढली आणि लिहायला लागले. टाकाचा आवाज फार वेळ चालला होता असं मला आठवतं, पण शेरा चारच ओळींचा निघाला. पुस्तकं वाचकांच्या हातात आहेत, हरवलेली नाहीत. फेरी चालू ठेवावी, मात्र रजिस्टरात ‘कुठवर वाचले’ असा नवा रकाना करावा. कुमार विभागाचा नियम पाळला जावा. आणि शेवटी, ग्रंथपालाने स्थानिक बोली शिकून घ्यावी. ही ओळ त्यांनी लाल शाईने लिहिली. मान्यता राहिली. मीही राहिलो, दोन्ही अर्थांनी.

त्याच दुपारी केशवरावांनी जानव्याची किल्ली सोडून तिसऱ्या भागाचं पार्सल उघडलं. खिडकीतली डोकी चारची चौदा झाली होती. काटोलचं पुस्तक पंधरवड्याने आलं, मामाच्या सहीने.

यात ज्यांना काही मिळालं नाही त्या इंदिराबाई. नियम पाळला जावा असं लिहिल्यावर त्यांचं नाव यादीतून काढावं लागलं. ते मीच माझ्या हाताने खोडलं. हेडमास्तरीणबाईंपर्यंत गोष्ट गेली आणि त्यांना पुढे बरेच दिवस टोमणे ऐकावे लागले. तपासणीसाठी पुस्तक दिलं ते ऐंशीव्या पानावर, अर्धवट. ते मी एकदा लपवून घेऊन गेलो होतो सौंसरला. त्यांनी हात लावला नाही. "एक वेळा चोरून वाचलं तं एवढं झालं," म्हणाल्या. "आता नियमानं द्या, तवा घेईन." सातवीच्या मुलींनाही त्यांनी ताकीद दिली आहे की बाईंसमोर पुढचं बोलायचं नाही.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. मी इथेच आहे आणि मला बोली येते. पोट्टे म्हणतात, अजून थोडा कोकणी वास येऊन राहिला. या कामातून मी शिकलो ते एवढंच, की समजलं नाही असं वेळेवर म्हणणं हे ग्रंथपालाच्या कामाचा भाग आहे. ते रजिस्टरात लिहून होत नाही.

‘नऊ कुलपांची पेटी’चा चौथा आणि शेवटचा भाग अजून निघालेला नाही. पुण्याहून दर वर्षी कार्ड येतं, छपाईत आहे. कुमार विभागाची पुस्तकं शिकवणाऱ्यांनाही द्यावीत असा ठराव मी समितीपुढे दोनदा ठेवला आणि तो दोनदा पडला. केशवरावांनी दुसऱ्या वेळी माझ्या बाजूने हात वर केला. तिसऱ्यांदा मी तो ठेवणार आहे. साहेबांच्या नव्या रकान्यात एक जुनी नोंद मी खोडलेली नाही: इ. वानखेडे, भाग दुसरा, वाचून राहिल्या, पान ८०. ठराव झाला की दुसरा, तिसरा आणि तोवर आला असेल तर चौथा, तिन्ही भाग मी स्वतः शिवून, स्वतः सौंसरला नेऊन त्यांच्या हातात देईन. मग त्या नोंदीपुढे ‘वाचून झाले’ लिहीन, आणि त्या वेळी ते खरं असेल.